तांबीवर आलेला आळ

माझ्या थोरल्या जावेला मी अक्का म्हणायची. ती अक्कलकोटकडची. घरात सगळ्यांशी कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत. मी नातेपुत्याची, लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला कानडीचा एक शब्द कळत नव्हता. तिनंच शिकवलं. ती मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. आम्ही दोघी घरी कडक भाकरी करून दुकानांना द्यायचो. तिची भाकरी पापडासारखी उतरायची, माझी कडेला जाड राहायची. ती माझ्या भाकऱ्या हळूच गठ्ठ्याच्या मध्ये सरकवायची.

तिला दोन मुली होत्या. आणखी मूल नको होतं, मलाही एवढ्यात नको होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की सासूबाई विषय बदलायच्या, त्यांना नातवाची आशा होती. एकदा पीठ मळतामळता अक्काच म्हणाली, "दोघी जाऊन तांबी बसवून घेऊ की. कुणाला कळतंय?"

बाजाराचं निमित्त काढून गेलो. डॉक्टरबाईंनी तांबी बसवायच्या आधी दोघींचीही पॅप टेस्ट, म्हणजे कॅन्सरची आधीच करायची तपासणी, केली. गर्भपिशवीच्या तोंडावरून ब्रश फिरवून नमुना तपासायला पाठवला आणि तांबी बसवली. येताना अक्काच्या पोटात कळा येत होत्या, तरी ती हसत होती. रसवंतीत बसून आम्ही उसाचा रस प्यालो. मला आठवतं त्याप्रमाणे तो आमचा शेवटचा निवांत दिवस.

माझा रिपोर्ट चांगला आला. तिचा नाही.

"कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पेशी बऱ्याच बदलल्यात. मशीनमधून बघून छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. आता केलं तर सोपं आहे."

"तांबीमुळं झालं का?" अक्कानं विचारलं.

"तांबीचा काही संबंध नाही. हे आधीपासूनचं आहे. तांबीसाठी आलात म्हणून कळलं तरी."

आता घरी सांगणं भागच होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पोटात तांबं घातलं, उष्णता झाली, एवढंच त्या म्हणत राहिल्या. थोरले दीर, अक्काचा नवरा, धान्याच्या आडतीवर कामाला जायचे. माणूस वाईट नव्हता, बायकोवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण त्यांच्या मामाच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला होता आणि पुढं ते फार जगले नव्हते. "तुकडा काढला की ते पसरतं," दीर म्हणाले. "डोळ्यांनी बघितलंय मी."

मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी राहून बोलले. डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं खरं बी असंल. पण हिला काय झालं तर जबाबदारी तू घेणार का?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत बसला होता.

दुसऱ्याच दिवशी वेगळ्या दवाखान्यात नेऊन त्यांनी तिची तांबी काढून आणली. तांबी बसवल्यापासून पाळीला जास्त जायचं ते कमी झालं आणि घराला वाटलं, दुखणं गेलं. ती एकटी सापडली की मी विषय काढायची. ती परातीतून डोकं वर न करता म्हणायची, "तंगी, परत परत तेच काढू नको गं. घरात ताप होतो लई."

पुढच्या उन्हाळ्यात ती भाकरी थापताना मधूनमधून कंबर धरायला लागली. अंगावरून घाण वास येणारं पाणी जायचं. आपले कपडे ती कुणाला धुऊ देत नव्हती. गच्चीवर वाळवण घालताना मला म्हणाली, "यांच्याजवळ गेलं की लाल जातंय." आणि मिरच्या पसरत राहिली.

या वेळी दीर स्वतःच घेऊन गेले. तुकडा काढावाच लागला. आजार पिशवीच्या बाहेर बाजूला पसरला होता, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग लाइट देणं, म्हणजे रेडिएशन, सुरू झालं. तिच्या मांड्यांची कातडी काळी पडली, पोटात पाणीसुद्धा टिकेना. मी ताकातल्या कण्या चमच्यानं भरवायची. ती दोन चमचे घ्यायची, ते माझ्यासाठी. लाइट संपल्यावर थोडे दिवस बरे गेले आणि मग पायावर सूज आली, लघवी बंद झाली. एका दुपारी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तवाच केलं असतं तर?"

"माहीत नाही, भाऊजी," मी म्हणाले. मला माहीत होतं. त्यांनाही होतं.

सासूबाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, तांबीनं सून खाल्ली. ते ऐकून आमच्या गल्लीतल्या दोघींनी आपली तांबी काढून टाकली. त्यातली एक आता पुन्हा पोटुशी आहे.

अक्काच्या थोरल्या मुलीचं लवकरच लग्न उरकलं, तिला माळशिरसला दिलं. पहिल्या बाळंतपणानंतर ती भेटायला आली तेव्हा मी तिला जवळ बसवून समजावलं, की वेळ आली की ती तपासणी करून घे, दुखत नाही, मी बरोबर येते. तिनं बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"काकू, मला त्यातलं काही सांगू नका," ती म्हणाली. "दवाखान्यात हात लावला म्हणूनच आई गेली."

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. ती उठून बाळाला घेऊन आजीच्या खोलीत गेली.