घासलेलं घुबड

काकांनी खरं की खोटं ते सांगायच्या आधीच मी माझं घुबडाचं प्राचीन ग्रीक चांदीचं नाणं लक्ष्मीपूजनासाठी दंतमंजनाने घासलं.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले हे काका नाणी पारखतात. पण निकाल देतील तर शपथ. तीन रविवार त्यांनी भिंग फिरवलं, नाण्याची कड न्याहाळली, मी नेलेली खारी संपवली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी आण. घाई कसली?" माझं डोकं फिरायचं बाकी होतं.

चौथ्या रविवारी लखलखीत नाणं पाहताच त्यांनी भिंग डबीत ठेवलं. खारीलाही हात लावला नाही.

"अरे, त्यावरचा काळा थर बघूनच ठरवत होतो मी. आता काय बघू?"

मी सोबत आलेल्या बायकोकडे पाहिलं.

"काका, वीस वर्षांत यांनी घरातलं एक भांडं घासलं नाही," ती म्हणाली. "घासायला नेमकं हेच सापडलं."