पेटी ऑफिसर पोशेट्टी आणि दोन नंबरचा बॉयलर

पोस्टिंग ऑर्डर हातात पडली तेव्हा मी ट्रेनिंग बेसवर होतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य. नाव पल्हाद वाठोरे, रँक लीडिंग मेकॅनिक, शाखा इंजिनरूम. ऑर्डरवर एका नव्या फ्रिगेटचं नाव होतं. ते इथं लिहीत नाही. नदीचं नाव होतं, एवढं पुरे. आपल्याच देशात बांधलेली, तोवरची आपली सर्वांत मोठी फ्रिगेट. रिपोर्ट करायला पंधरा दिवस होते, म्हणून सुटी घेऊन गावी आलो.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूरजवळ. वडील तिथल्या मराठी शाळेत मास्तर. आमच्या घराण्यात पुस्तक हातात धरणारे ते पहिलेच. त्यांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय पटत नसे.

"पल्हाद, फ्रिगेट म्हंजे नेमकं काय?" त्यांनी विचारलं.

"लढाईचं जहाज हाये बाबा. डिस्ट्रॉयरपेक्षा लहान, कॉर्वेटपेक्षा मोठं."

"लांबी?"

"सव्वाशे मीटर."

ते उठले, चप्पल घातली आणि शाळेच्या पायरीपासून पावलं टाकत निघाले. मागे निम्मं गाव. एका कापसाच्या शेतात शिरले, आणखी काही पावलं टाकली आणि थांबले.

"शाळेपासून इथलोक," ते म्हणाले.

शेताचे मालक माधवराव तिथंच उभे होते. "इथलोक नुस्तं लोखंड? काऊन बुडत नाही मंग?"

"आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते म्हणून," वडील म्हणाले. सातवीच्या वर्गाला सांगावं तसं. माधवराव बराच वेळ शाळेकडे बघत राहिले.

आदिलाबादहून छोट्या लाइनची गाडी धरली. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला डॉकयार्डच्या जेट्टीवर होतो. समोर जहाज होतं. नकाशात आणि फोटोत पाहिलं होतं, तरी मान वर करावी लागली.

ज्यांनी युद्धनौका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढच्या डेकवर जहाजविरोधी क्षेपणास्त्रांच्या जाड नळ्या आणि तोफ. मध्ये मास्ट, त्यावर रडार. पाण्याखाली पाणबुडी शोधणारं सोनार. मागे सपाट डेक आणि हँगर. त्या हँगरमध्ये दोन मोठी हेलिकॉप्टर राहत. एवढ्या आकाराच्या फ्रिगेटवर दोन मोठी हेलिकॉप्टर तेव्हा जगात फारशी कुठं नव्हती. एका परदेशी बंदरात आम्ही नांगर टाकला होता, तेव्हा तिथल्या नौदलाचा एक जुना चीफ पेटी ऑफिसर जहाज बघायला आला. त्यांची फ्रिगेट आमच्या शेजारीच उभी होती, वजनानं आमच्याहून भारी. त्यानं हँगरमध्ये पाहिलं, बाहेर आला, पुन्हा आत जाऊन पाहिलं आणि विचारलं, "दोन्ही एकाच वेळी आत मावतात?" आम्ही माववून दाखवली. त्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांच्या छात्या दोन इंच फुगल्या होत्या.

आता जगात सहा-सात हजार टनांच्या फ्रिगेट आहेत. जर्मनांच्या आहेत, इटालियनांच्या आहेत, आपल्याही आहेत. आमची त्यांच्या जवळपास निम्म्यात येईल. त्यांची इंजिनं गॅस टर्बाइनची किंवा डिझेलची. आमची वाफेवर चाले. बॉयलर रूममध्ये दोन बॉयलर. तिथं माझी ड्यूटी, आणि तिथला प्रमुख पेटी ऑफिसर पोशेट्टी.

पोशेट्टी बेल्लमपल्लीचा. वडील कोळशाच्या खाणीत. पहिल्याच दिवशी त्यानं माझं गाव विचारलं. बाजारहत्नूर म्हटल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"आदिलाबाद जिल्हा? अरे, तू तो मेरे घर का आदमी!"

त्याची मराठी तुटकी, माझी तेलुगू बाजारापुरती. मग आम्ही दोघं आदिलाबादच्या मार्केटात चालते ती तीन भाषांची खिचडी बोलायचो. बाकीचे हसायचे. कामात मात्र तो कडक. वॉचवर, म्हणजे पाळीवर, येताना तो आधी प्रत्येक वॉल्व हातानं तपासायचा. नंतर वॉटर ग्लास. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी ती काचेची नळी नेहमी अर्धी भरलेली हवी. पाणी कमी झालं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर टर्बाइन फुटते.

आणि त्यानंच मला झाडू वापरायला शिकवलं. अतितप्त वाफ डोळ्यांना दिसत नाही. गळती कुठं आहे हे शोधायला झाडूचा दांडा पुढे धरून चालायचं. दांडा ज्या जागी कापला जाईल, तिथं गळती. "हात आगे मत कर," तो म्हणायचा. "हात वापस नहीं आता."

पुढे दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, आम्ही बंगालच्या उपसागरात सरावावर होतो. सराव संपवून परतीच्या मार्गावर असताना चक्रीवादळाच्या कडेला सापडलो. सकाळी सहा दहाला रेडिओवर मदतीची हाक आली. एक मालवाहू जहाज. आतला माल एका बाजूला सरकला होता, इंजिन बंद, जहाज कलंडत चाललेलं. माणसं पंचवीस. आसपास दुसरं कुणी नव्हतं. कॅप्टननी जहाज वळवलं.

लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज आला. "आपण पंचवीस माणसं आणायला चाललो आहोत. इंजिनरूम, मला सगळा वेग हवा."

पोशेट्टीनं दोन्ही बॉयलरचे सगळे बर्नर लावले. बॉयलर रूमचं तापमान पन्नासच्या वर गेलं. जहाज इतकं आदळत होतं की आम्ही एका हातानं रेलिंग आणि दुसऱ्या हातानं काम करत होतो. दहा पस्तीसला आम्ही तिथं पोचलो.

त्या समुद्रात बोट उतरवणं शक्य नव्हतं. हेलिकॉप्टर हाच मार्ग. पहिलं हेलिकॉप्टर उडालं आणि अकरा जणांना दोरानं वर ओढून घेऊन आलं. अकरा वाजता ते आमच्या डेकवर उतरलं. त्याला ताबडतोब हँगरमध्ये ढकललं आणि दुसरं बाहेर काढलं. एकच हेलिकॉप्टर असतं तर इंधन भरण्यात वेळ गेला असता, आणि त्या कलंडलेल्या जहाजाकडे वेळ नव्हता. दुसऱ्यानं उरलेले चौदा उचलायला सुरुवात केली.

अकरा अठ्ठेचाळीसला बॉयलर रूममध्ये आवाज फुटला. रेल्वेच्या इंजिनानं कानाशी शिट्टी मारावी तसा, पण न थांबणारा. पोशेट्टीनं झाडू उचलला, दांडा पुढे धरून दोन पावलं टाकली. दांड्याचं टोक उडून गेलं. दोन नंबर बॉयलरच्या मुख्य पाइपचा जोड फुटला होता.

अशा वेळचा नियम सरळ आहे. दोन्ही बॉयलर बंद करा, सगळे बाहेर पडा. पोशेट्टीनं कंट्रोल रूमचा फोन उचलला. पलीकडे इंजिनीअर ऑफिसर होते.

"सर, दो नंबर में स्टीम लीक. दोनों बंद करूँ?"

उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागले असतील. नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं की त्यांनी तेवढ्यात ब्रिजवर कॅप्टनना विचारलं होतं.

"हेलिकॉप्टर हवेत आहे. आत अठरा माणसं, चौदा त्यांची, चार आपली. इंधन चाळीस मिनिटांचं. किनारा टप्प्यात नाही. जहाज थांबलं तर लाटांना आडवं होईल, त्यांना उतरता येणार नाही. एक नंबर चालू ठेवता येईल का?"

"रखेगा, सर."

त्यानं दोन नंबरचं तेल तोडलं. बर्नर विझले. पण एवढ्यानं भागत नव्हतं. दोन नंबरचा मुख्य स्टॉप वॉल्व बंद केल्याशिवाय एक नंबरची वाफसुद्धा उलटी येऊन त्याच फटीतून गेली असती. हा वॉल्व वरच्या डेकवरच्या चाकानं बाहेरूनही बंद करता येतो. वरच्या माणसांनी चाक फिरवलं. चार फेरे फिरलं आणि अडकलं. आता वॉल्वपाशी जाऊन हातानंच बंद करायचा होता. वॉल्व आमच्या डोक्यावरच्या जाळीवर. गरम वाफ वरच साठते.

पोशेट्टीनं तिघांना बाहेर काढलं. मला एक नंबरच्या वॉटर ग्लाससमोर उभं केलं. फायर सूट चढवला, तोंडावर ओलं फडकं बांधलं, वर ओली घोंगडी घेतली. माझ्या कानाला तोंड लावून ओरडला.

"तू पानी संभाल. ग्लास आधा रख. मेरी तरफ मत देख."

"मी येतो संगं!"

"पानी कौन देखेगा? ऑर्डर है, वाठोरे."

अकरा त्रेपन्नला तो शिडी चढला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. ग्लासकडे पाहत राहिलो. पाणी वर गेलं की चाक थोडं आवळायचं, खाली आलं की सोडायचं. जहाज डोलत होतं, त्यामुळे ग्लासातलं पाणीही डोलत होतं, आणि खरी पातळी कुठली हे ओळखावं लागत होतं. हातांना फोड आले ते नंतर कळलं. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तो आवाज.

मग आवाजात फरक पडला. आधी जाड झाला, मग फाटका, मग हळूहळू खाली. अकरा सत्तावन्नला तो थांबला. एक नंबरच्या बर्नरची घरघर पहिल्यांदाच ऐकू आली. प्रेशर गेज पडायचं थांबलं होतं. मी फोन उचलला.

"एक नंबर चालू. प्रेशर स्थिर."

"शाबास. तसंच धरून ठेवा. हेलिकॉप्टर येतंय."

पोशेट्टी स्वतःच्या पायांनी शिडी उतरला. शेवटच्या पायरीवर बसला. तोंडावरचं फडकं काढलं. त्याचा चेहरा कसा होता ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"ग्लास?" त्यानं विचारलं.

"आधा."

त्यानं मान हलवली.

बारा वाजून चार मिनिटांनी हेलिकॉप्टर डेकवर उतरलं. आम्हाला खाली धक्का जाणवला, आणि मग वरच्या डेकवरून आरोळी ऐकू आली. डेक, हँगर, मेस, सगळीकडून एकदम. बॉयलर रूमच्या लोखंडातून ती आमच्यापर्यंत आली. पोशेट्टीला स्ट्रेचरवर बांधत होते, त्यानंही ऐकली. दोन वाजून दहा मिनिटांनी ते मालवाहू जहाज उलटलं आणि बुडालं. त्यावर कुणीही नव्हतं.

पोशेट्टीच्या छातीत वाफ गेली होती. डॉक्टरनी करता येण्यासारखं सगळं केलं. कॅप्टन स्वतः सिक बेमध्ये, जहाजावरच्या दवाखान्यात, आले, त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पोशेट्टी, पंचवीसच्या पंचवीस आपल्या जहाजावर आहेत."

"एक नंबर चल रहा है ना, सर?"

"चालू आहे."

दुपारी चार वीसला तो गेला. वय चौतीस.

त्या एका बॉयलरवर आम्ही समुद्र कापत बंदरात आलो. वेग निम्मा, पण कुणाच्या दोराला बांधून नाही. जेट्टीवर उभ्या असलेल्या जहाजांचे खलाशी आपापल्या डेकवर रांगेत आले आणि सगळ्या भोंग्यांनी एकदम आवाज केला. मी वीस वर्षं नोकरी केली, असं स्वागत पुन्हा पाहिलं नाही. वाचवलेल्या माणसांत त्या जहाजाचा म्हातारा कप्तान होता. उतरण्याआधी त्यानं बॉयलर रूम बघायची परवानगी मागितली. मी त्याला खाली नेलं. वॉल्वच्या चाकावर घोंगडीचे जळके धागे चिकटलेले होते. त्यानं टोपी काढली आणि चाकावर हात ठेवून उभा राहिला. मग त्याच्या पंचवीस माणसांची नावं त्यानं मोठ्यानं म्हटली, एकेक करून, स्वतःचं शेवटी. मला ती भाषा येत नव्हती. नावं मात्र मोजली.

पार्थिवासोबत मला पाठवलं. बेल्लमपल्लीच्या खाण कामगारांच्या क्वार्टरांत त्या दिवशी शिफ्ट सुटलेली माणसं कोळशानं काळ्या झालेल्या कपड्यांनिशीच रांगेत उभी होती. पोशेट्टीची बायको आत होती, बायकांत. मी गणवेशात, हातांना बँडेज. अंत्यसंस्कार झाल्यावर त्याचे वडील मल्लय्या माझ्याजवळ येऊन बसले. तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. डोळे कोरडे. काय झालं ते सगळं सांग, म्हणाले. मी सांगितलं. आमच्याच खिचडी भाषेत, वेळांसकट. वॉल्व, अडकलेलं चाक, शिडी. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. खाणीतल्या माणसाला वाफ, गॅस, अंधार समजावून सांगावा लागत नाही.

मी थांबलो. त्यांनी एवढंच विचारलं,

"मूसिंडा?"

बंद केला का त्यानं?

"मूसिंडु," मी म्हणालो. "पूरा बंद केला. वाफेचा एक थेंब आला नाही नंतर."

ते उठले. दारात गेले. बाहेर त्यांच्या शिफ्टची माणसं अजून उभी होती. मल्लय्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, ताठ उभे राहिले आणि खाणीत हाक मारावी तशा मोठ्या आवाजात तेलुगूत सांगितलं की माझ्या पोरानं वॉल्व पूर्ण बंद केला, आणि मग पंचवीस माणसं घरी गेली.