कमोडची उंच सीट आणि विश्वसनीय सूत्र

इथल्या फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळतात त्या अमेरिकन खेळाचा, सीझन संपला की घरात शांतता येईल, असं मला लग्नानंतर बरीच वर्षं वाटायचं. कसली शांतता अन् कसलं काय! खेळ चालू असतो तेव्हा निदान मॅच संपली की माणसं चपला घालून घरी जातात. खरा उच्छाद सुरू होतो तो सीझन संपल्यावर. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुणाचं वय झालं, कुणाचा करार संपतोय. परवाच्या वर्षी आमच्या इथली टीम जानेवारीतच गारद झाली आणि पुढच्याच रविवारी आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरात नवरा आणि त्याचे तीन मित्र लॅपटॉप उघडून बसले. यांच्यापैकी एकाच्याही बापाने हा खेळ पाहिलेला नाही. पण तोरा असा की टीमचा मालक उठताबसता यांनाच फोन करतो.

मी पलीकडे भजी तळत होते. ओपन किचन हा अमेरिकेने माझ्यावर उगवलेला सूड आहे, सगळं ऐकू येतं. ‘हा ढिला पडलाय, कापा.’ ‘याच्या पाठीत काही राहिलं नाही, द्या सोडून.’ ‘वहिनी, चटणी आहे का अजून?’ मंडईत वांगी दाबून दाबून बाजूला टाकावीत तशी यांची ती हाडामांसाची माणसं निवडणं चाललेलं. आणि यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? ज्याला वर्षापूर्वी कंपनीने एका ईमेलवर घरी पाठवलं होतं त्याचा. तेव्हा हाच माझ्या सोफ्यावर बसून डोळे पुसत म्हणाला होता, ‘वहिनी, मी माणूस आहे की एक्सेलमधली ओळ?’ मी त्याला शिरा करून घातला होता. आता नवी नोकरी लागली, व्हिसा वाचला, आणि साहेब तोंडात भजं कोंबून म्हणतात, ‘कापा!’ शी! मला खरोखर शिसारी आली. पण मी चटणी दिली.

माझा नवरा यांचा म्होरक्या. चाहत्यांची एक वेबसाइट आहे, तिच्यावर तो दर वर्षी सीझन संपला की टोपणनावाने भलामोठा लेख टाकतो. टीमचं पुढे काय होणार, कोण राहणार, कोण जाणार. ऑफिसात तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, तेच डोकं इथे लावतो. प्रत्येक खेळाडूची ओळ, सीझनभराच्या आकड्यांचे रकाने, आणि शेवटी रंग. हिरवा म्हणजे राहील, पिवळा म्हणजे बघू, लाल म्हणजे गेला. लोक खाली कौतुक करतात आणि हा ते मला जेवताना वाचून दाखवतो. पगार वाढल्यावरसुद्धा एवढा खूश झालेला मी त्याला पाहिलेला नाही.

आकड्यांचं मला वावडं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपूरला शिकले, इथे पुन्हा परीक्षा दिल्या. गुडघा कालच्यापेक्षा आज किती वाकला हे मोजण्यातच माझा दिवस जातो. आमच्या क्लिनिकमध्ये अधूनमधून टीमचे खेळाडू येतात. सुरुवातीला नवरा मागे लागायचा. ‘नाव नको सांगू यार, नुसती मान हलव.’ मी सांगितलं, पेशंटबद्दल एक शब्द बाहेर गेला तर लायसन्स जाईल, आणि लायसन्स गेलं तर तुझ्या भज्यांपासून सगळं बंद. मग तो गप्प झाला. मला वाटलं, संपला विषय.

त्या जानेवारीत एक खेळाडू माझ्याकडे आला. दारातून आत यायचा तर खांदा तिरका करावा लागायचा. त्याचं काम मैदानात पहिल्या रांगेत उभं राहून समोरच्याला अडवायचं. चेंडूला हात लावायचा नाही, पॉइंट मिळवायचा नाही. अशा माणसाच्या नावापुढे चांगलं असं काही लिहिलंच जात नाही. किती वेळा त्याच्या चुकीवर शिट्टी वाजली, किती वेळा त्याच्या बाजूने माणूस आत घुसला, एवढंच. घरात कसं, शंभर पोळ्यांतली करपलेली तेवढी सगळ्यांना दिसते, तसं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. टीमने बाहेर सांगितलं होतं, किरकोळ आहे, थोडी साफसफाई. तसं नव्हतं. आतलं बरंच शिवलेलं होतं आणि उन्हाळ्यातल्या सरावापर्यंत तो उभा राहणं अवघड होतं. हे त्याला माहीत होतं, टीमच्या डॉक्टरांना माहीत होतं आणि मला.

त्याच्या मुलीला माहीत नव्हतं. शाळेच्या शेवटच्या वर्षाला जाणारी मुलगी, तीच त्याला गाडीतून आणायची आणि बाहेर बसून होमवर्क करायची. आई नव्हती तिला. टीम बदलली की गाव बदलायचं आणि गाव बदललं की हिची शाळा. इथे आत्ता कुठे ती रुळली होती, शाळेच्या व्हॉलीबॉल टीमची पुढच्या वर्षीची कॅप्टन झाली होती. ‘मला एकच सीझन हवाय,’ तो गुडघ्यावर बर्फ ठेवून मला म्हणाला होता. ‘तिची शाळा संपू दे. मग टाकू देत मला कुठेही.’ त्याला वाटत होतं, अनुभवासाठी म्हणून का होईना, राखीव ठेवतील. आणि नाहीच ठेवलं तर मुलीला आपण स्वतः सांगायचं, तिची मोठी टूर्नामेंट झाली की, रविवारी घरी बसून. दिवससुद्धा ठरवला होता बिचाऱ्याने.

एक दिवस व्यायाम झाला तरी तो उठेना. खाली बघत म्हणाला, सकाळी बाथरूममध्ये बसलो की उठता येत नाही, मुलीला हाक मारावी लागते. एवढा डोंगराएवढा माणूस, कानापर्यंत लाल झाला. दुकानातल्या कमोडवर ठेवायच्या उंच सीट त्याच्या वजनाखाली कुरकुरत होत्या आणि मोठी मागवली तर यायला वेळ लागणार होता.

आता आमच्या मराठी मंडळात एक अशी सोय आहे जी कुठल्याही कार्यकारिणीने केलेली नाही. भारतातून कुणाचे आईबाबा यायचे असले की वॉकर, व्हीलचेअर, कमोडवर ठेवायची उंच सीट हे सगळं एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये फिरतं. मंडळातल्या एका धिप्पाड काकांसाठी घेतलेली लोखंडी पायांची, दोन्ही बाजूंना दांडे असलेली दणकट सीट तेव्हा आमच्याकडे होती. माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आल्या होत्या, त्यांनी दिवाळीपर्यंत वापरली होती. मी म्हटलं, घेऊन जा. शनिवारी मी क्लिनिकला असणार होते म्हणून नवऱ्याला सांगून ठेवलं, ‘एक मुलगी सीट न्यायला येईल, गॅरेज उघडून दे.’ कोण, कुणासाठी, काही नाही. त्यानेही विचारलं नाही. संध्याकाळी म्हणाला, ‘दिली गं. चांगली पोरगी आहे.’

पुढच्या आठवड्यात त्याचा लेख आला. मी वाचला नाही, मी कधीच वाचत नाही. मला तो तिच्या फोनवर दिसला.

बाप आत टेबलावर झोपलेला, मी त्याच्यासाठी गरम पट्टा आणायला बाहेर आले, तर ती उभी. फोन माझ्यासमोर धरला. ‘हे खरंय का?’ पडद्यावरचे ते रंग मी लगेच ओळखले. ते रकाने मी आमच्या डायनिंग टेबलावर रोज बघत होते. तिच्या बापाची ओळ लालभडक. आणि खाली आमच्या दिवट्याचं इंग्रजी. विश्वसनीय सूत्रांकडून असं कळतं की ऑपरेशन किरकोळ नव्हतं, महिना होत आला तरी याला बाथरूममध्येसुद्धा आधाराशिवाय उठता येत नाही, टीमने याच्यावर आता जागा वाया घालवू नये. त्याच्याखाली लोकांचे विनोद. बाथरूमवरचे. ‘सांगा ना, खरंय का?’ ती पुन्हा म्हणाली. आणि मला तिला हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं. नियम! मी म्हटलं, बाबांना विचार. तिचं तोंड एवढंसं झालं. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

मी आत जाऊन त्याला सगळं सांगून टाकलं. माझ्या नवऱ्याने लिहिलंय, मी काही बोलले नाही, सीट आणि तुमची मुलगी बघून त्याने ओळखलं. तुम्हाला तक्रार करायची तर जरूर करा, माझं नाव घालून करा. तो छताकडे बघत म्हणाला, ‘माझ्या गुडघ्याबद्दल टीमच्या फाइलमध्ये मला माहीत आहे त्यापेक्षा जास्त आहे. त्यांना तुमच्या नवऱ्याची गरज नाही.’ पुढे म्हणाला, ‘मी रविवारी सांगणार होतो तिला.’ आणि मग, मी पट्टा बांधत असताना, ‘तिला हे सांगू नका. सीट न्यायला तीच आली होती ना. स्वतःला दोष देत बसेल. टीममधल्या कुणीतरी तोंड उघडलं असं सांगतो मी.’

मी घरी आले ती पर्स न ठेवताच सुरू झाले. ‘लाज आहे का रे तुला काही?’ नवरा म्हणाला, मी कुणाला काही विचारलं नाही, तू काही सांगितलं नाहीस, मी फक्त डोकं वापरलं. तिच्या जॅकेटच्या पाठीवर आडनाव होतं, शाळेचं जॅकेट, सगळ्या जगाला दिसेल एवढ्या अक्षरात. आणि आईच्या वेळी आपण बघितलं नाही का, किरकोळ ऑपरेशनला महिनाभराने उंच सीट लागत नाही. हे सांगताना, देवाशप्पथ सांगते, त्याच्या चेहऱ्यावर थोडासा अभिमान होता. मी म्हटलं, ‘त्या पोरीने वाचलं ते. बापाच्या संडासाबद्दल.’ तेव्हा तो अभिमान गेला. ‘पण टीमला तर माहीतच होतं ना?’ तो म्हणाला. दोन दिवस हेच पालुपद. टीमला माहीतच होतं. रात्री त्याने ती ओळ काढून टाकली, पण तोवर ती इतरांनी उचलून दहा ठिकाणी लावलेली.

मार्चमध्ये टीमने माझ्या त्या पेशंटला सोडलं. एका वाक्याची बातमी. नवऱ्याच्या मित्रांना केवढा आनंद! ‘बॉस, तुझा अंदाज परफेक्ट!’ त्या रविवारी सगळे पुन्हा जमले, आता त्याच्या जागी कॉलेजातलं कुठलं ताजं पोरगं उचलायचं ते ठरवायला. मी भजी केली नाहीत. दुकानातला चिवडा पातेल्यात ओतला आणि ठेवला समोर. खरं म्हणजे तोही द्यायला नको होता.

बेल वाजली. दारात ती मुलगी, अंगात तेच जॅकेट. सीट तिने घासूनपुसून, स्वच्छ पिशवीत गुंडाळून आणली होती, ब्लीचचा वास येत होता. म्हणाली, आम्ही आजीकडे चाललोय, दुसऱ्या राज्यात, पुढच्या आठवड्यात. व्हॉलीबॉलचं मी विचारलं नाही. नवऱ्याने आवाज ओळखला असणार, कारण मी वळून बघितलं तर हा गडी किराणा ठेवायच्या पँट्रीत शिरून दार ओढून घेत होता.

‘सर आहेत का घरी?’ तिने विचारलं.

‘आत आहेत,’ मी म्हटलं.

‘त्यांना थँक्यू सांगाल? त्या दिवशी मी पहिल्यांदाच एकटी हायवेवरून ड्राइव्ह करत आले होते, घाबरले होते. त्यांनी सीट गाडीत ठेवली, घसरू नये म्हणून वरून बेल्ट लावून दिला, आणि कोपऱ्यापर्यंत चालत येऊन रस्ता दाखवला. माझे बाबा तेव्हाच म्हणाले होते, असे शेजारी मिळायला हवेत.’

गाडी वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग ती सीट उचलून आत आणली, चिवड्याचं पातेलं सरकवलं आणि सेंटर टेबलावर, त्यांच्या उघड्या लॅपटॉपच्या शेजारी, लोखंडी पाय आपटून ठेवली. ‘वहिनी, हे काय?’ शिऱ्यावाला म्हणाला.

‘विश्वसनीय सूत्र आलंय,’ मी म्हटलं. ‘बसा कुणीतरी त्याच्यावर. सांगा आता कुणाला कापायचं ते.’

एकाने हळूच लॅपटॉप मिटला. पँट्रीत डब्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला. मी त्या दारापाशी गेले, दार उघडलं नाही. तिने सांगितलं होतं तेवढंच बोलले.

‘तिने तुला थँक्यू सांगितलंय.’