खाडीत लावलेले चार चूड

कळंबोलीला बसमधून उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पुलाखालून ट्रक एकामागून एक जात होते आणि हवेला डिझेलचा वास होता. परभणीहून निघतानाच माझ्या वहीत एक वाक्य लिहून झालं होतं: ‘शेती मारून शहरं उभी करणाऱ्या नियोजनाचा धिक्कार असो.’ आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, त्यामुळे अशी वाक्यं मला विचार न करताही सुचतात. आता फक्त पुरावा गोळा करायचा होता.

पहिला पुरावा तुर्भ्यात मिळाला. धान्याच्या घाऊक बाजारात तांदळाच्या गोण्यांची थप्पी गाळ्याच्या छताला टेकली होती. गोण्यांवर साऱ्या देशातल्या गावांची नावं होती. पाटणकडचे एक हमाल पाठीवरची गोणी उतरवून घाम पुसत उभे होते. त्यांना विचारलं, “काका, यात इथला तांदूळ कोणता?”

ते हसले. “इथला? ताई, इथं तांदूळ उतरतो. उगवत नाय.”

मी ते वाक्य वहीत टिपलं आणि खुशीत तळोज्याची रिक्षा धरली.

तळोज्याला कृषी सहायक गायकवाड मोटारसायकल घेऊन उभा होता. हा मूळचा आमच्याच जिंतूरचा, माझ्या भावाच्या वर्गातला. कारखान्यांच्या भिंती, टँकरांची रांग आणि नाकात बसणारा उग्र वास मागे टाकून आम्ही खाडीकडे वळलो. वाटेत तो म्हणाला, “तू लढणारी माणसं बघायला आलीस. पण आज माझ्याकडं फक्त घाईतली माणसं आहेत. पीकनोंदीचा शेवटचा दिवस आहे.”

गावाचं नाव लिहीत नाही. चार-चार मजली घरं, खाली भाड्याचे गाळे, दारात गाड्या. एकेकाळी हे सगळे भात पिकवायचे. शहराला जमिनी गेल्या, बदल्यात भूखंड आले, भूखंडांवर इमारती आल्या. गाव संपतं तिथे मात्र एक मातीचा बांध सुरू होतो. बांधाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला हिरवंगार भात. त्याच्याही मागे आकाशाला टेकलेले टॉवर. मी थबकलेच. आमच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला समुद्राच्या पातळीखाली शेत असतं हे ऐकून माहीत असलं तरी पटत नाही.

शेत निराबाईंचं. पासष्टीच्या, काष्टा घट्ट मारलेल्या, पायांत काही नाही.

“ये गो बाय. परभनीशून आलीस? निवट्या खातंस ना?”

निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. त्यांचं तिखट कालवण, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि लाल भात. मी ज्वारी खाणारी, पण तो भात दोनदा वाढून घेतला. जेवताना निराबाई बांधाचं सांगत होत्या. दरवर्षी पावसाआधी बांधाला चिखल चढवायचा, घरटी एक माणूस. हे काम जोळाचं (जोळ म्हणजे बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांचा संघ). शेत विकलेली घरंही अजून एक रविवार माणूस पाठवतात. पण रविवार एकच आणि हात थोडे.

“बांध फुटला ना, खारं पानी आत येतं. मंग तीन-चार वर्सं दाना नाय,” त्या म्हणाल्या. “यंदा दोन जागी पोकळ झालाय. पुढचं मोठं उधाण काडील का नाय, माहीत नाय.”

पुढचं गायकवाडने समजावलं. सरकारच्या नव्या योजनेत खारबांध पक्के होणार होते, पण ज्या जमिनीवर यंदा पीक नोंदलं आहे तिथलेच. नोंद शेतकऱ्याने मोबाईलवर करायची. शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, झालं. आज संध्याकाळपर्यंत नोंद झाली नाही तर ही जमीन कागदावर पडीक.

“मग काढा ना फोटो!” मी म्हणाले.

निराबाईंच्या भाच्याने, हेमंतने, मोठ्याने हसून टाळी वाजवली. हेमंतचा विटा-रेतीचा धंदा. “चार दिवस काढतोय, ताई. आत्याचं शेत फिरायला गेलंय.”

तो मला भाताच्या मधोमध घेऊन गेला. गुडघाभर भात, पोटरीत आलेलं, म्हणजे कणीस आत भरून बाहेर पडायच्या बेतात. त्याच्या मोबाईलवर लाल अक्षरं उमटली: तुम्ही गटाच्या बाहेर आहात. सोबत बाण. बाण बांधापलीकडे दाखवत होता. आम्ही बांधावर गेलो. बाण अजून पुढे. जुना नकाशा नव्या नकाशावर बसवताना सारा गट (जमिनीचा नोंदलेला तुकडा) सरकला होता आणि सरकारच्या लेखी निराबाईंचं शेत खाडीत होतं.

मला तर घबाडच सापडलं! मी गायकवाडवर तुटून पडले. “हेच तुमचं नियोजन? अनवाणी चालणाऱ्या बाईचं शेत तुम्ही समुद्रात नेऊन टाकता?”

“नकाशा दुरुस्तीचा अर्ज मीच लिहून दिलाय,” तो शांतपणे म्हणाला. “मोजणी होईल. या हंगामात नाही. आणि मी नोंदवायचं म्हटलं तरी मलाही तिथंच उभं राहावं लागेल.” त्याने चिखलाकडे बोट दाखवलं. त्याचे बूट केव्हाच चिखलाचे झाले होते. चार दिवस तो रोज येत होता, हे मला हेमंतने नंतर सांगितलं.

ओहोटी होती. खाडीचा करडा, चकचकीत चिखल उघडा पडला होता. तासाभरात पाणी परतणार होतं.

हेमंत निराबाईंना म्हणाला, “सोप्पं हाय. दोन-चार रोपं हातात घे, चिखलात उभी राहा, फोटो मार. टेन्शन खलास.”

“हे खोटं आहे,” मी म्हणाले. “उद्या कुणी तपासलं तर सगळी योजनाच खोट्या फोटोंवर उभी आहे म्हणतील. आणि आपण त्यांच्या चुकीवर पांघरूण घालतोय.”

“मंग तू पत्रक काड,” हेमंत म्हणाला. “उधाणाला वाचून दाखव. थांबलं तर बघू.”

निराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “भात खोटा हाय?”

“नाही, पण—”

“मी खोटी हाय?”

“नाही हो.”

“मंग जागाच तेवडी खोटी हाय ना?” असं म्हणून त्या शेतात उतरल्या. वाकल्या आणि उभ्या भाताचे चार चूड (एकत्र लावलेल्या रोपांचे झुपके) मुळांसकट उपसले. पोटरीतलं भात कुणी उपसत नाही. त्यांनी ते पदरात धरले, बांध ओलांडला आणि चिखलात शिरल्या. हेमंतने घाईने त्यांच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक आपल्या हाताला गुंडाळलं. “आत्या, हळू! तुला बाहेर काडायला क्रेन नाय माज्याकडं!”

“तुज्या बापाला याच चिखलातून काडला मी!”

मी चप्पल काढून त्यांच्या मागे निघाले. हेमंतचा मोबाईल माझ्या हातात होता. चिखल आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत आला. खेकडे बिळांत पळत होते. दोनदा मी बसकण मारली आणि वही चिखलात बुडाली. शेवटी लाल अक्षरं गेली आणि पडदा हिरवा झाला.

मला वाटलं, त्या रोपं हातात धरतील. पण निराबाई वाकल्या आणि एकेक चूड चिखलात लावू लागल्या, सरळ ओळीत, एक वीत अंतर सोडून, अंगठ्याने मुळं दाबत. मी म्हणाले, “आत्या, ही जगणार नाहीत.”

“नाय जगनार. पन तुला खोटा फोटो नको ना? आता इतं भात हाय. काड.”

मागे पाण्याची आवळत येणारी कड दिसत होती. मी फोटो काढला. निराबाई, चार चूड आणि खाडी. नोंद झाली, असा संदेश आला. बांधावरून गायकवाड ओरडला, “आता पळा!” हेमंतने दोर ओढला आणि आम्ही दोघी निम्म्या चालत, निम्म्या घसरत वर आलो. बांधावर बसून बघितलं तर पाणी रोपांच्या कमरेला लागलं होतं. निराबाईंनी शेतातल्या चार रिकाम्या जागा वळून एकदा पाहिल्या.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये वही उघडली. पानं चिकटली होती आणि पहिलं वाक्य चिखलाने पुसलं गेलं होतं. ते पुन्हा लिहायला हात उचलला नाही. नियोजनावर माझा राग आहेच. ज्या नकाशाला पाय नाहीत त्याच्यावर माणसांची पोटं टांगायची नसतात, हे मी ओरडून सांगेन. पण पक्का बांध निराबाईंना हवा आहे आणि तो एकट्या रविवाराने होत नाही. त्याला सरकारच लागतं. मी निषेध करायला गेले होते, परत येताना मागणी घेऊन आले.

मे महिन्यात निराबाईंचा फोन आला. बांध यादीत आला होता, काम मात्र सुरू झालं नव्हतं.

“मग आता?”

“आता काय! उधाण यादी बघतं का? आज जोळाचा रविवार लावलाय. घरटी एक मानूस. तुजा गायकवाड पन आलाय, बूट काडून. सकाळधरून चिखल वातोय.”

“तो कुणाच्या घरचा म्हणून?”

“हेमंतानं पन त्येच विचारलं. तर म्हनला, सरकारच्या घरचा.” आणि निराबाई इतक्या हसल्या की फोन बंद करायचा राहिला. मग कितीतरी वेळ मला नुसता चिखल पडल्याचा आवाज ऐकू येत होता, गोळ्यावर गोळा.