गाडीला पाहिजेच होतं

"हे मला दे. गाडीला पायजेच हुतं."

व्हॅनच्या खिडकीतून हात बाहेर काढून काका हे रोज कुणा ना कुणाला म्हणायचे. सोनईतल्या आमच्या बालवाडीची मुलं ते सकाळी वस्त्यांवरून आणायचे, दुपारी परत सोडायचे. तुम्हीही एखाद्या शाळेच्या फाटकाशी असा माणूस पाहिला असेल.

मी त्या बालवाडीची बाई. हस्तकला हे माझं खातं. मोबाईलवरच्या व्हिडिओत कुणाचे तरी नाजूक हात दोन मिनिटांत कागदी ताटलीचा मोर करायचे, आणि तोच मोर मी वर्गात सकाळभर करत बसायचे. मुलांचं जे नीट जमेल ते भिंतीवरच्या फळ्यावर लागायचं. पालक फोटो काढायला आले की मी ओढणी सारखी करून फळ्याशेजारी उभी राहायचे, जणू मोर मीच जन्माला घातले होते.

उरायचं ते बिघडलेलं. एका कानाचा ससा, कललेला आकाशकंदील, काड्यांचं दार नसलेलं घर. "घरी ने हं, आईला दाखव," असं म्हणून मी ते ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे. पण मुलं काही खुळी नसतात. फाटकाशी पोचेपर्यंत खालचा ओठ बाहेर आलेला असायचा. तिथे काकांचा हात पुढे यायचा.

"काका, याला एकच कान हाय."

"मग? आपल्या गाडीला तरी कुठं दोन हॉर्न हायेत?"

आणि ससा गाडीत लटकायचा. मूल हसत चढायचं.

पुढे भलतंच झालं. एका मुलीने सुरेख जमलेल्या मोराचा पिसारा माझ्यादेखत टर्रकन फाडला. का फाडलास, विचारलं तर म्हणाली, "मला फळ्यावर न्हाई लावायचा. काकांच्या गाडीत लावायचाय."

मला राग आला. फळा माझा होता ना! तशीच तरातरा फाटकाशी गेले. हातात दुसऱ्या दिवशीचा नमुना होता, लोकरीच्या गोंड्याचं कोंबडीचं पिल्लू. रविवारभर बसून केलेलं.

"काका, तुमच्यामुळे मुलं मुद्दाम काम बिघडवायला लागलीत."

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. "बाई, ते मला द्या. गाडीला पायजेच हुतं."

"हे बिघडलेलं नाही. हा नमुना आहे."

"व्हय का?" त्यांनी पिल्लू हातात घेऊन फिरवून पाहिलं. "उंदीर लई भारी झालाय."

डिंक पातळ होता, असं मी म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. पण पिल्लू दिलं. काकांनी ते थेट आरशाला बांधलं, सशाच्या शेजारी. त्या दिवसापासून गाडी आली की मी आधी खिडकीतून डोकावायचे, ते आहे ना म्हणून. फळ्याशेजारी उभं राहून कधी वाटलं नाही तितकं बरं वाटायचं. हे मी मुख्याध्यापिकाबाईंना अजून सांगितलेलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत काका झोपेतच गेले. कळलं तेव्हा मी खूप रडले. गाडी विकायच्या आधी त्यांच्या मुलाने आतलं सगळं सोडवून पोत्यात भरलं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन माझं पिल्लू तेवढं मागून आणलं.

आता नवी व्हॅन येते. पांढरी, एकदम स्वच्छ. परवा एक चिमुरडी कललेला कंदील घेऊन तिच्या खिडकीखाली उभी राहिली. काच बंद होती. "चल, बस पटकन," नवे ड्रायव्हर आतून म्हणाले. तिचा ओठ बाहेर यायला लागला.

मी हात पुढे केला. "हे मला दे. गाडीला पाहिजेच होतं."

"कुठल्या गाडीला?"

मी माझ्या स्कुटीकडे बोट दाखवलं. दोघींनी मिळून कंदील हँडलला बांधला. आरशाला आधीच एक पिवळा गोंडा लटकत होता. तिने तो बोटाने हलवून पाहिला.

"बाई, हे काय हाय?"

"उंदीर," मी म्हणाले.