पुसेगावच्या अलीकडचं वळण

औरंगाबादहून हिंगोलीला पोचायला पाच तास लागतात, असं लोक सांगतात. मला सात वर्षं लागली.

दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस होता. सहामाहीचे गणिताचे गठ्ठे तपासून, गुणांच्या याद्या शाळेत देऊन मी आदल्या दिवशीच मोकळी झाले होते. सकाळी सहाला अंगणात गाडीचं बॉनेट उघडून माझा नेहमीचा क्रम सुरू केला. आधी रेडिएटरचं पाणी. मग ऑइलची काडी पुसून, पुन्हा बुडवून पाहायची. मग ब्रेक ऑइल, मग चारही टायरांची हवा, आणि शेवटी डिकीतली स्टेपनी. माझी मुलगी मधुरा दारात उभी राहून दात घासत हे सगळं बघत होती.

"एवढं निरखून तू माझी पत्रिकासुद्धा बघणार नाहीस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी येऊ बरोबर?"

"नको."

"बाबांची जागा मलाही बघायची आहे, आई."

"पुढच्या वेळी," मी म्हटलं आणि बॉनेट जरा जोरातच आपटलं. ती का नको होती, ते तिला सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. इथे मात्र सांगते.

तिचे बाबा विहिरींवरच्या मोटारपंपांची कामं बघत. महिन्यातले पंधरा दिवस गाडी मराठवाड्यातल्या रस्त्यांवर असे. सात वर्षांपूर्वी, अशाच दिवाळीच्या तोंडावर, ते मला म्हणाले होते, "ब्रेक फार खोल जातोय. टायरही गुळगुळीत झालेत. गाडी दोन दिवस गॅरेजला देतो." मला त्याच दोन दिवसांत फराळाचं सामान आणायचं होतं, माहेरी जाऊन यायचं होतं. मी म्हटलं, "दिवाळीनंतर द्या. दोन दिवसांनी काय बिघडतंय?" ते हसले आणि दोन्ही दिवस मला त्याच गाडीतून फिरवलं. माझं सामान आलं, माहेर झालं. तिसऱ्या दिवशी ते हिंगोलीकडच्या कामाला गेले आणि पुसेगावच्या अलीकडे एका बाभळीवर गाडी आदळून जागीच गेले. पंचनाम्यात एकच ओळ होती: वाहनावरील ताबा सुटल्याने. ताबा का सुटला, ब्रेक लागले की नाही, ते कुणी लिहिलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. गॅरेजची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती. मुलीला तर नाहीच.

त्यानंतर दोन वर्षांनी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी गाडी शिकले. शिकवणारे मास्तर वैतागून म्हणायचे, "बाई, गणित सोडवू नका, गाडी चालवा." पण मी गणितच सोडवत राहिले. पुढच्या गाडीपासूनचं अंतर, वेग, उतार, ओला रस्ता. जुनीच गाडी घेतली आणि तिच्या मागे अशी लागले की गॅरेजवाला मला लांबून बघूनच कपाळाला हात लावतो.

जालना, मंठा, जिंतूर. रस्त्याला खड्डे होते, आणि खड्डा चुकवायला समोरचा ट्रक आपल्या बाजूला येतो हेही होतं. मी दर वेळी वेग कमी करून डावीकडे झाले. जिंतूरच्या पुढे टेकड्या लागतात. उतारावर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, इंजिनच तिला धरून ठेवत होतं. मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवून जीव खाल्ला. शेवटी तो ओलांडून गेला तेव्हा टपावर बसलेली माणसंही माझ्याकडे वळून बघत होती.

औंढ्याला चहा घेतला, गरम भजी खाल्ली. हॉटेलवाल्याने गाडीच्या मागच्या सीटवर वाकून पाहिलं.

"डायवर कुठं गेला बाई?"

"मीच ड्रायव्हर."

"बराबर हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा मागच्या सीटवर बघून आला.

हिंगोलीत न थांबता मी नरसीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली रानं, मधूनच हळदीचे हिरवेगार पट्टे. रान इतकं सुंदर असेल याची मी तयारीच केली नव्हती. मनात सात वर्षं त्या भागाचं एक काळंकुट्ट चित्र होतं, आणि इथे तर बायका डोक्यावर भारे घेऊन हसत चालल्या होत्या. मला त्या हसण्याचा राग आला, हे कबूल करते.

नरसीला देवळाबाहेर प्रसादाची, बांगड्यांची दुकानं होती. जागा उताराची होती, म्हणून हँडब्रेक ताकदीने ओढला आणि वर चाकाला दगडही लावला. देवळात गेले नाही. सीताफळं विकणाऱ्या एका म्हातारीला पुसेगावचा रस्ता विचारला.

"सरळच हाय. पण दमानं जा माय. लोकांनी रस्त्यावर सोयाबीन आंथरलंय," ती म्हणाली.

मी तिथेच थबकले. ही इकडची जुनी रीत. कणसं, शेंगा डांबरी रस्त्यावर पसरून ठेवायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकंच मळणी करतात. मग बाजूला सारायचं आणि उफणायचं. ऐकलेलं होतं, पण आमच्या गाडीशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. मी चाकाखालचा दगड काढला, घाईतच बसले आणि निघाले.

दोन-तीन किलोमीटरवर ते आलंच. शंभरेक पावलं लांब, रस्त्याच्या कडेपासून कडेपर्यंत सोयाबीनची वाळलेली झाडं. दोन्हीकडे चर, बाजूने जायला जागा नाही. पहिल्या गिअरमध्ये मी गाडी आत घातली. चाकांखाली शेंगा तडतडत होत्या, आणि गाडी शेवाळावरून चालल्यासारखी किंचित सरकत होती. ब्रेकला पाय लावायचा नाही, एवढंच मी स्वतःला बजावत राहिले.

ते पार झालं. पण थोडं पुढे जाते न जाते तोच जळकट वास आला. समोर मोठं वळण होतं आणि वळणावर एक उंच, वाळका माणूस खराट्याने डांबरी रस्ता झाडत होता. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरून पाण्याची बाटली शोधू लागले. घाबरल्यावर माणूस समोरची वस्तू शोधत बसतो, तसं झालं.

तो माणूस खराटा टाकून धावत आला. डोक्याला लाल पटका, पांढऱ्या मिशा. काही न विचारता गाडीखाली वाकला.

"कुटार (मळणीचा भुसा) अडकून राहिलंय बाई. सायलेन्सर तापला की पेटतंय ते. सरका तिकडं."

विळ्याने त्याने काड्यांचे पुंजके ओढून काढले. दोन धुमसत होते, ते मातीत दाबले. मग उठून त्याने एक वेगळीच गोष्ट केली. गाडीभोवती फिरून एकेका चाकाच्या मधोमध तळहात टेकवला. पुढची दोन झाली. मागच्याला हात लावताच झटकन काढून घेतला.

"मागचे दोनी गरम हायेत. हँडब्रेक सोडला न्हाई काहून (का)?"

मी आत वाकून बघितलं. हँडब्रेक अर्धाच खाली होता. नरसीपासून मी तसाच ओढत आणला होता. ऑइलची काडी दोनदा पुसणारी मी! लाजेने मेल्यासारखं झालं.

"तुम्हाला हातानेच कसं कळलं?"

"आमी तांड्याचे (बंजारा वस्तीतले) लोक. आमचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य वाहायचा. मुक्कामाला थांबला की आधी परतेक बैलाच्या खुराला, खांद्याला हात लावायचा. गरम लागलं की त्या बैलाला वझं न्हाई. आमाला तीच सवय. चाक थंड होऊ द्या, मंग जा. कुठं जाऊन राहिले?"

"इथेच आले आहे," मी म्हटलं. "सात वर्षांपूर्वी या रस्त्यावर एक गाडी बाभळीवर आदळली होती. ती जागा तुम्हाला माहीत आहे?"

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं. त्याने मग रस्त्यापलीकडे बोट केलं. बाभळीचं खोड होतं, एका बाजूची साल अजून आलेली नव्हती.

"तुमी कोण त्यांच्या?"

"बायको."

तो तिथेच, रस्त्याच्या कडेला खाली बसला. मीही बसले. त्याचं नाव थावरू. तांडा वळणाच्या मागेच होता. त्याने सांगायला सुरुवात केली ती मान खाली घालून.

"हायब्रीड ज्वारीची कणसं व्हती. माझीच. या वळणावरच आंथरली व्हती, कारण इथं ऊन चांगलं लागतंय. माझी बाई मधी वाकून कणसं पालटत व्हती. साहेबाला वळणामुळं दिसलं न्हाई. बाई दिसली तसा त्यांनी ब्रेक दाबला."

"ब्रेक लागले होते?" मी विचारलं. या एका प्रश्नासाठी मी आले होते.

"लागले म्हंजी? मी डोळ्यानं पाहिलं. चाकं थांबली व्हती, बाई. चारी. गाडी थांबली न्हाई. कणसांवरून घसरून राहिली व्हती. माझी बाई समोर व्हती, तर त्यांनी इष्टेरिंग तिकडं फिरवलं, बाभळीकडं."

मी रडले. सात वर्षांत कुणासमोर रडले नव्हते, ते एका अनोळखी माणसासमोर भर दुपारी रस्त्यावर रडले. ब्रेक लागले होते. माझ्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

थावरू बोलतच होता. "पोलिसांनी इचारलं, तवा मी कणसांचं बोललो न्हाई. लोक येण्याच्या आधीच सगळं गोळा केलं व्हतं. भ्यालो. तेव्हापासून रस्त्यावर एक दाणा टाकला न्हाई. रानात खळं केलं. पण दुसरे लोक ऐकत न्हाईत, वाऱ्यानं, चाकांनी इथवर येतंय. म्हणून हे वळण रोज झाडून राहिलो. तुमाला काय बोलायचं ते बोला. गुन्हा माझा हाय."

त्याची मान खालीच होती. मी उठून निघून जाऊ शकले असते. जे न्यायला आले होते ते मिळालं होतं, आणि ते देणारा स्वतःहून सगळं आपल्या अंगावर घेत होता. घरी जाऊन मधुराला सांगितलं असतं, चूक त्या माणसाची होती. खरं सांगते, तो मोह मला झाला.

पण टायर गुळगुळीत होते. नवे टायर त्या कणसांवर थांबले असते की नाही, देव जाणे. कदाचित नसतेही थांबले. पण कदाचित दोन हात अलीकडे थांबले असते. मी रोज सकाळी टायरांवरच्या खाचांत नख घालून बघते ते कशासाठी, हे मला माहीत होतं.

"थावरूभाऊ," मी म्हटलं, "टायर झिजले होते. ते गाडी गॅरेजला देणार होते. मला बाजारात जायचं होतं म्हणून मी देऊ दिली नाही."

सात वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं.

मागे कुणाचा तरी आवाज आला. हातात पाण्याचा तांब्या घेऊन, हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली एक बाई उभी होती. थावरूची बायको. कधीची ऐकत होती कोण जाणे. तिने तांब्या माझ्या हातात दिला.

"तुमी दोघंच वाटून घेऊन राहिले व्हय?" ती म्हणाली. "गाडीचा आवाज मला आला व्हता. म्हटलं, हे एवढं पालटते, मंग उठते. मी उठले न्हाई. माझं काही न्हाई का त्याच्यात?"

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी माठातलं, गार होतं. एक ट्रॅक्टर आला, वळणावर सावकाश झाला आणि गेला.

तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार. जेवताना कुणी त्या दिवसाबद्दल बोललं नाही. तिने माझ्या मुलीचं वय विचारलं, मी तिच्या नातवंडांची नावं विचारली. निघताना मी बाभळीपाशी गेले. खोडाला हात लावला. ऊन लागून ते कोमट झालं होतं. मग थावरूने पुन्हा गाडीभोवती फिरून चारही चाकांवर तळहात ठेवला.

"थंड हाय. आता जा. घाई करू नका."

हिंगोलीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत निघाले. जिंतूरच्या पंक्चरवाल्याकडे मी हवा बघायला थांबले आणि त्याच्यासमोरच चारही चाकांना हात लावला. "देव घातलाय काय चाकात?" त्याने विचारलं. मी हसले नाही, पण त्याचा रागही आला नाही. गाडीची काळजी मी इतकी वर्षं घेत होते ती शिक्षा भोगावी तशी. कुणाला तरी पोचवायची, आणायची वस्तू म्हणून तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. एका माणसाने बैल बघावा तशी माझी गाडी बघितली, तेव्हा तो फरक मला कळला.

संध्याकाळी अंगणात शिरले. मधुराने फाटक उघडलं. मी उतरले, हँडब्रेक पुन्हा पाहिला आणि चाकांपाशी वाकले. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं, मागचं.

"हे काय नवीन?" ती हसत म्हणाली. तिचं लायसन्स नुकतंच आलं होतं. उद्यापासून ही गाडी तीही चालवणार होती. "आई? सापडली का जागा?"

"सापडली," मी म्हटलं. "आण हात इकडे. चाक गरम असलं की कसं लागतं ते आधी बघ. मग पायरीवर बस. त्या दिवाळीत बाबांची गाडी गॅरेजला का गेली नाही, ते तुला सांगायचं आहे."