धाकट्या जावेची बोट

ऑफिसात सगळे त्यांना वहिनी म्हणत. बेटांवर सुटीला जाणाऱ्यांना शिडाच्या बोटी भाड्याने देणारं ते ऑफिस, आणि कुठली बोट चालवायला कुठला तांडेल जाणार हे ठरवायचं काम वहिनींचं. त्या तांडेलांतलाच एक त्यांचा नवरा. पण बोटीवर पाहुणे असताना तांडेलाच्या घरच्यांनी चढायचं नाही, असा धंद्याचा शिरस्ता. त्यामुळे नवरा अर्धं वर्ष निळ्या पाण्यात आणि वहिनी फोन कानाला लावून खिडकीशी. त्याचं त्यांना फार वाईट वाटत नसे. म्हणजे धाकट्या जावेने येऊन बोट ठरवली, तोवर वाटत नव्हतं.

जाऊ म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली. आधी मोठं घर, मग गाडी, आता बोट. वर लाडात म्हणाली, "तांडेल मात्र आमचे भावोजीच हवेत हं." वहिनींनी हसून मान डोलावली.

निघायच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना बंदरातच एक फेरी मारून आणायची रीत होती. कोणाला मळमळतं ते किनाऱ्याजवळच कळलेलं बरं. ती फेरी वहिनींनी खिडकीतून पाहिली. दीर शीड ओढताना धापा टाकत होता आणि सुकाणू जावेच्या हातात होतं. नवरा शेजारी उभा राहून तिला शिकवत होता, चक्क हसत होता. घरी हा माणूस मीठ मागायलाही तोंड उघडत नाही.

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. हिने माझ्या नवऱ्याच्या बोटीवर मिरवायचं आणि मी जन्मभर धक्क्यावरून हात हलवायचे? त्यांनी सरळ तांडेल बदलला. जावेच्या वाट्याला दिला खडूस. हे नाव त्याला पाहुण्यांनीच ठेवलेलं, कारण तो सुकाणूला कोणाला बोटही लावू देत नसे. मालकांनीच बदल केलाय, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं.

सकाळी जाऊ एवढंसं तोंड करून गेली. वहिनींचा दिवस मजेत गेला.

संध्याकाळी घरी आल्या, तर नवरा एका पिशवीतून कपडे काढून कपाटात ठेवत होता. कपडे वहिनींचे होते. तळाशी रबरी बूट, कोरे, त्यांच्याच मापाचे.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे घरचेच आहेत म्हणून मालकांनी तुला न्यायची परवानगी दिली होती. मग माझंच नाव काढलं. कसा शब्द फिरवतात बघ."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"जावेच्या बोटीवर तू आली असतीस? आयत्या वेळी हाताला धरून चढवणार होतो. धाकटीनेच सुचवलं तसं."

वहिनी त्याच्या हातातले कपडे घेऊन घड्या घालू लागल्या. बदल मीच केला, हे शब्द ओठांवर आले आणि तिथूनच परत गेले. पण खरं सांगायचं तर, त्या घडीलाही त्यांना सगळ्यांत जास्त झोंबलं ते हे, की नवऱ्याच्या मनातलं जावेला आधी कळलं होतं.